शेवटचे दोन दिवस कोरे ठेवा

परदेशात अल्पमुदतीची शस्त्रक्रिया शिबिरं भरवणाऱ्या संस्थांचे विश्वस्त, शिबिरप्रमुख आणि शल्यचिकित्सक यांना,

सप्रेम नमस्कार.

मी परिचारिका आहे. ऑपरेशन झाल्यावर रुग्ण जिथे शुद्धीवर येतो त्या खोलीत, आणि तिथून पुढे वॉर्डात, माझं काम असतं. गेल्या ११ वर्षांत तुमच्यासारख्या संस्थांबरोबर सात वेळा परदेशी शिबिरांना गेले. बहुतेक वेळा दुभंगलेले ओठ आणि टाळू, दोनदा हर्निया, एकदा भाजल्यानंतर आखडून गेलेले हात. दर वेळी स्वतःची रजा टाकून गेले आणि पुन्हा बोलावलंत तर पुन्हा येईन. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कुणाला असं वाटायला नको की काठावर बसून कुणीतरी नावं ठेवतंय. शिबिरातून उठून, स्वतःचा ओठ आरशात बघून हसणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या कामाची किंमत मला माहीत आहे.

माझी मागणी एकच आहे. शिबिराच्या शेवटच्या दोन दिवसांत भूल देऊन कुणालाही टेबलावर घेऊ नका. ते दोन दिवस यादीत कोरे सोडा. आणि पथक निघून गेल्यावर निदान दहा दिवस आपली दोन माणसं तिथे मागे ठेवा: एक वॉर्ड सांभाळणारी, एक गरज पडली तर पुन्हा टाके घालू शकणारी. हे जमणार नसेल तर त्या सहलीतल्या शस्त्रक्रिया तितक्या कमी करा.

आता का, ते सांगते.

दहा दिवसांचं शिबिर होतं. देशाचं, गावाचं, संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथल्या रुग्णालयाने आम्हाला आपलं थिएटर आणि आपला अर्धा वॉर्ड दिला होता, त्यांचं नाव या गोष्टीला चिकटायला नको. दहाव्या दिवशी यादीत १२ नावं होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला विमानतळाकडे निघायचं होतं, म्हणून सकाळपासून सगळ्यांचे हात भराभर चालत होते. शेवटचं नाव चार वर्षांच्या एका मुलाचं होतं. टाळूची शस्त्रक्रिया. संध्याकाळी सहाला तो माझ्याकडे आला, आठला नीट जागा झाला, आईला बिलगला. हात तोंडात जाऊ नयेत म्हणून आम्ही त्याच्या कोपरांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधल्या होत्या. तो हात ताठ धरूनच आईच्या गळ्यात पडला. नऊच्या सुमाराला मी त्याला रात्रपाळीच्या सिस्टरच्या हवाली केलं. ३६ खाटांच्या वॉर्डात ती एकटी होती. त्यातले १९ रुग्ण आमचे, बाकीचे तिचे नेहमीचे.

टाळूच्या ऑपरेशननंतर पहिले एकदोन दिवस रक्तस्रावाचं भय असतं. आणि लहान मूल रक्त थुंकत नाही, गिळतं. उशी कोरडी असते, गालावर डाग नसतो. झोपेत मूल पुन्हा पुन्हा आवंढे गिळत राहतं, नाडी हळूहळू वाढत जाते, आणि मग एकदम काळपट रक्ताची उलटी होते. तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. एवढं मला तिला सांगायचं होतं. दुभाषी सामान मोजायला गेला होता. केसपेपर आमच्या भाषेत होते. मी माझ्या गळ्यावर बोट ठेवलं, आवंढा गिळला, लगेच आणखी एकदा गिळला, मग झोपलेल्या मुलाकडे हात केला. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून तसंच गिळून दाखवलं. मी मान डोलावली. तिने हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्याचं झाकण फाडलं, त्यावर तिच्या लिपीत दोन ओळी लिहिल्या आणि चिकटपट्टीने ते मुलाच्या उशाशी लावलं.

त्याच वेळी थिएटरमध्ये आमचं सक्शन मशिन, म्हणजे तोंडात साचलेलं रक्त ओढून घेणारं यंत्र, पुसून, नळ्या गुंडाळून पेटीत ठेवलं जात होतं. मॉनिटर तर दुपारीच बांधले होते.

घरी पोचल्यावर आठवड्याभराने तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा निरोप आला. आमची गाडी निघाली त्याच दिवशी रात्री त्या मुलाला रक्तस्राव सुरू झाला. सिस्टरच्या लक्षात आलं, कारण मूल झोपेत गिळत होतं. तिने त्याला कुशीवर वळवलं, डॉक्टरांना घरून बोलावलं. त्यांच्याकडे पायाने दाबायचं जुनं सक्शन होतं, त्याची नळी चिरलेली. शेवटी गॉजचा बोळा बोटाने टाळूवर दाबून धरत ती त्याला घेऊन रुग्णवाहिकेत बसली. मोठं रुग्णालय अडीच तासांवर होतं. वाटेत मुलाने तिचं बोट कडकडून चावलं, तिने ते काढलं नाही.

मूल वाचलं. टाके मात्र उसवले आणि टाळूला भोक राहिलं. पाणी नाकातून येतं, बोलणं नाकात जातं. ते बुजवायला पुन्हा शस्त्रक्रिया लागेल आणि ती पहिलीपेक्षा अवघड असेल, कारण व्रण पडलेलं टाळूचं अस्तर पहिल्यासारखं ताणलं जात नाही. मुलाच्या वडिलांनी जाब विचारला तो त्या सिस्टरला. विचारायला आम्ही तिथे होतोच कुठे? त्यानंतर कितीतरी आठवडे आसपासची माणसं त्या रुग्णालयात मुलांना भरती करायला कचरत होती, असंही त्या डॉक्टरांनी कळवलं. टाके आमचे होते, विश्वास त्यांचा गेला.

आमच्या अहवालात त्या शिबिराच्या नावापुढे ‘९४ यशस्वी शस्त्रक्रिया’ असं लिहिलं आहे. त्या ९४ मध्ये तो मुलगा आहे.

त्या दिवशी बारावं नाव घेऊ नका, असं मी म्हणू शकले असते. रात्री वॉर्डात एकच सिस्टर असते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी गप्प राहिले. हे पत्र लिहायला दोन वर्षं लागली त्याचं कारणही तेच.

तुमच्यापैकी जे शल्यचिकित्सक आहेत त्यांना मी नवं काही सांगत नाही. शस्त्रक्रियेचं बरंवाईट टेबलावर कळत नसतं. टाळू पहिल्या एकदोन रात्रींत रक्तस्राव करते आणि पुढच्या आठवडाभरात उसवते. भाजलेला हात सोडवून त्यावर त्वचा लावली, तर ती धरली की नाही हे साधारण पाचव्या दिवशी पट्टी उघडल्यावर दिसतं, आणि नंतर कित्येक महिने पट्टी बांधून व्यायाम केला नाही तर तो हात होता तसा आखडतो. जखमेतला जंतुसंसर्ग मोजताना जगभर शस्त्रक्रियेनंतरचे ३० दिवस धरतात. हर्नियासारख्या काही शस्त्रक्रियांना ९० दिवस. आपल्या घरच्या रुग्णालयात आपण असंच मोजतो. तिथे आपण दहा दिवसांत सगळं आटोपतो, आणि शेवटच्या दिवशी ज्याला चिरा दिला त्याला १२ तास बघून निघतो. घरी असा निघून जाणारा डॉक्टर आपण खपवून घेऊ का?

२००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची १९ मुद्द्यांची तपासणी-यादी काढली. तुमच्या प्रत्येक शिबिरात ती भिंतीवर लावलेली असते आणि आपण ती मनापासून पाळतो. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर; २००९ साली हे निकाल प्रसिद्ध झाले. या यादीत तीन थांबे आहेत: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी, आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी. तिसऱ्या थांब्यावर शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांनी एकमेकांना मोठ्याने विचारायचं असतं, की या रुग्णाच्या पुढच्या काळजीत मुख्य धोका कोणता? आपण विचारतो. उत्तरही देतो. पण ज्या बाईला त्या धोक्याला रात्री दोन वाजता तोंड द्यायचं आहे ती त्या खोलीत नसते, आणि असली तरी आपण तिच्या भाषेत बोलत नाही.

शिबिरांसाठी मला या यादीत चौथा थांबा हवा आहे: पथक देश सोडण्याआधी. त्या वेळी वॉर्डात खाटेखाटेशी उभं राहून, दुभाष्यासकट, तिथल्या सिस्टर आणि डॉक्टर यांच्यासमोर प्रत्येक रुग्णाचा धोका बोलून दाखवायचा. त्यांनी शंका विचारायच्या. त्यांनी ‘हा रुग्ण आम्ही सांभाळू शकत नाही’ असं म्हटलं तर तो रुग्ण आपल्या मागे राहणाऱ्या माणसांच्या वाट्याला जायचा. अशा फेरीला ९० रुग्णांमागे किती वेळ लागेल याचा हिशेब करा. निघायच्या आदल्या रात्री नऊ वाजता ती होत नाही. तिला दिवस लागतात, आणि म्हणूनच दोन दिवस कोरे हवेत.

‘आपत्तीत कोण एवढं बघतं’ असं कुणी म्हणेल म्हणून हैतीचं सांगते. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर शेकडो परदेशी पथकं तिथे उतरली. पुष्कळांनी जीव तोडून काम केलं. तरी कुणी किती हातपाय कापले, का कापले, पुढे त्या माणसांना कुणी पाहायचं, याची नोंद कितीतरी ठिकाणी राहिली नाही. त्या अनुभवातून धडा घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली परदेशी वैद्यकीय पथकांसाठी किमान निकष ठरवले. भरती करून शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाने निदान तीन आठवडे थांबावं, अशी अपेक्षा त्यात आहे. ज्या पथकाला भूकंपाची बातमी ऐकून काही तासांत विमान गाठायचं असतं त्याच्याकडून तीन आठवडे मागितले जातात. आपण वर्षभर आधी तारखा ठरवतो, तिकिटं काढतो, आणि दहा दिवसांत परततो.

आता सगळ्यात अवघड गोष्टीकडे येते. शेवटच्या दिवशी फाटकाशी उभी असलेली माणसं.

दोन दिवस कोरे ठेवले तर २०-२२ जण परत जातील. हे मला कळतं. त्यांना ‘नाही’ सांगायचं काम बहुतेक वेळा आम्हा परिचारिकांकडेच येतं. दोन दिवस चालत आलेला एक बाप मुलीला खांद्यावरून उतरवत होता आणि दुभाषी त्याला यादी संपल्याचं सांगत होता. त्या बापाचा चेहरा मी विसरलेले नाही. अशा माणसासमोर उभं राहून तत्त्वं सांगता येत नाहीत, आणि शेवटच्या दिवशी यादी का फुगते हेही मला त्यातूनच कळलं. कुणी निष्काळजी असतं म्हणून ती फुगत नाही, कुणालाच त्या बापाला परत पाठववत नाही.

पण त्याला आपण नक्की काय देतो? त्याच्या मुलीला सगळ्यात दमलेल्या हातांची शस्त्रक्रिया मिळते, सगळ्यात घाईची भूल मिळते, आणि नंतर सगळ्यात कमी लक्ष. दहाव्या दिवशी आलेली मुलगी तिसऱ्या दिवशी आलेल्या मुलीपेक्षा कमी मोलाची आहे असं कुणीच म्हणणार नाही, तरी वागणूक तशीच होते. तिचं नाव, वय, वजन, गावाकडचा निरोप्या हे सगळं लिहून घेऊन पुढच्या खेपेच्या पहिल्या दिवशी तिला पहिला नंबर दिला, किंवा दरम्यानच्या काळात तिथल्या शल्यचिकित्सकाकडे तिची सोय करून तो खर्च आपण उचलला, तर तो बाप रिकाम्या हाताने परत जात नाही. अर्थात त्यासाठी पुढची खेप खरोखर त्याच गावी असायला हवी. दर वर्षी नवा देश, नवा नकाशा, नवी छायाचित्रं हे थांबवावं लागेल.

२०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने मांडलेले आकडे तुम्ही तुमच्याच पत्रकांत छापता: जगातल्या ५ अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, आणि दर वर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रियांची गरज आहे. या आकड्यापुढे शेवटच्या दोन दिवसांतले २२ जण किती, हे सांगायला मी तो आकडा काढलेला नाही. एकेक माणूस एकेकच असतो. मला एवढंच म्हणायचं आहे, की ही रांग शिबिरांनी सरणारी नाही. ती वर्षाचे ३६५ दिवस तिथे असणाऱ्या डॉक्टर-सिस्टरांच्या हातून सरेल. तेव्हा त्यांचे हात बळकट करून आपण निघतो की त्यांच्या गळ्यात १९ ओल्या जखमा घालून निघतो, हे बघायला हवं.

त्यांचं काय होतं ते आपल्याला दिसत नाही, म्हणून एक सांगते. हर्नियाच्या एका शिबिरात त्या रुग्णालयाची दोन्ही टेबलं आम्ही घेतली होती. चौथ्या दिवशी दुपारी एक बाई अडलेली आली. बाळ आडवं होतं, सिझेरियन करायलाच हवं होतं. आमचा रुग्ण टेबलावर उघडा. ती स्ट्रेचरवर बाहेर व्हरांड्यात ४० मिनिटं थांबली. तिथली सुईण भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत तिचा हात धरून उभी होती, आम्हाला एका शब्दानेही काही म्हणाली नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. त्यानंतर आम्ही एक टेबल कायम मोकळं सोडलं, पण हे पहिल्या दिवशी कुणाला सुचलं नव्हतं आणि तिथल्या लोकांना पाहुण्यांपुढे बोलायचा संकोच होता. शिबिराचा करार करताना हा प्रश्न तुम्ही आधी विचारा: आम्ही आल्यावर तुमचे नेहमीचे रुग्ण कुठे जातील?

मी सांगते ते जमतं. हे मी पाहिलं आहे. पाचव्या खेपेला मी एका छोट्या संस्थेबरोबर गेले. त्यांचं शिबिर १२ दिवसांचं, पण यादी फक्त आठ दिवसांची. पहिला दिवस तपासणीचा, शेवटचे तीन कोरे. रुग्ण निवडले होते तिथल्याच शल्यचिकित्सकाने, आणि तारखाही त्याने दिल्या होत्या. एकूण शस्त्रक्रिया झाल्या ५१. आमच्यातले काही जण पहिल्यांदा नाराज होते. इतक्या लांब येऊन हात रिकामे, असं वाटायचं. दहाव्या दिवशी सकाळी आम्ही राउंडला निघालो तो दुपारी संपला. एका म्हाताऱ्याची जखम कडेने लाल होत होती, ती तेव्हाच उघडून धुतली. दोन जणांचं लघवी अडल्याचं समजलं, कारण आम्ही निवांत खाटेवर बसून विचारलं. डिस्चार्जचे कागद तिथल्या भाषेत लिहिले, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं काढली: इतक्या दिवसांनी टाके, ताप आला तर परत या, जड उचलू नका.

अकराव्या दिवशी थिएटरमध्ये त्यांची सिस्टर आणि मी समोरासमोर बसून होतो. तिने आमचं यंत्र सुटं केलं, जोडलं, पुन्हा सुटं केलं. मग तिने मला तिची पद्धत दाखवली. वीज गेल्यावर निर्जंतुकीकरणाची वेळ कशी धरायची, एकाच सिलिंडरवर दोन रुग्ण असताना ऑक्सिजन कसा पुरवायचा, हे तिला मुखोद्गत होतं. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. निघताना सक्शन आणि पल्स ऑक्सिमीटर तिथेच ठेवले, कारण ते तिला हवे होते आणि त्यांचे सुटे भाग तिथे मिळतात याची खात्री तिनेच करून घेतली होती. आमच्या भूलतज्ज्ञबाई आणि एक तरुण शल्यचिकित्सक आणखी दोन आठवडे राहिले. तीसाव्या दिवशी तिथून तक्ता आला: ५१ पैकी ४७ जणांना पाहिलं, तिघांना जंतुसंसर्ग, एकाचे टाके पुन्हा घातले, चौघांचा पत्ता लागला नाही. मी आजवर पाहिलेला हा सगळ्यात प्रामाणिक शिबिर-अहवाल आहे.

तुमच्या अहवालातही मला तसा एक रकाना बघायचा आहे. देणगीदारांना आकडा हवा असतो हे खरं, आणि ९४ हा आकडा ५१ पेक्षा मोठा दिसतो. तर मग त्यांना दुसरा आकडाही द्या: तीसाव्या दिवशी किती जणांना पाहिलं. देणगीदार तुम्ही समजता त्यापेक्षा समंजस असतात. दहा दिवस मागे राहणाऱ्या दोन माणसांचा खर्च कुठून काढायचा, असं मला एका बैठकीत विचारलं गेलं. माझं उत्तर तेच आहे: पथकातली चार माणसं कमी न्या. दर खेपेला सोबत येणाऱ्यांत वॉर्डातही नाही आणि थिएटरमध्येही नाही असे किती जण असतात, ते यादी काढून बघा. आणि तिथल्या सिस्टरांना शिबिराच्या काळातल्या जादा पाळ्यांचे पैसे द्या. आजवर मी पाहिलेल्या सात शिबिरांपैकी दोनच ठिकाणी ते दिले गेले.

विद्यार्थ्यांबद्दल थोडक्यात: घरी ज्याला टाके घालायची परवानगी नाही त्याने तिथेही घालू नयेत. यावर चर्चा करण्यासारखं काही नाही.

उरलेल्या औषधांची खोकी ‘त्यांना उपयोगी पडतील’ म्हणून मागे सोडतो, तेही थांबवा. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात अशा सदिच्छेने औषधांचे डोंगर साचले. बहुतेकांवरची अक्षरं तिथल्या लोकांना वाचता येत नव्हती, पुष्कळशी तिथल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतच नव्हती, आणि नंतर ती नष्ट करण्याचं ओझं त्यांच्यावरच पडलं. जागतिक आरोग्य संघटनेचे औषधदानाचे नियम १९९६ पासून आहेत: मागितलेलंच द्यावं, वाचता येईल असं द्यावं, पोचल्यावर निदान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. मी स्वतः तीन महिने मुदत उरलेली प्रतिजैविकं मागे ठेवली आहेत आणि तेव्हा मला बरं वाटलं होतं. तिथल्या रुग्णालयाच्या फार्मासिस्टने ती घेतली, आभार मानले, आणि कपाटात आधीच ठेवलेल्या तसल्याच खोक्यांशेजारी ठेवली.

निरोपाच्या कार्यक्रमात आपल्याकडे हमखास डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघतं. निघायलाच हवं. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. बाकीचे परतले, ते राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. भाषणात त्यागाचं बोललं जातं. मला त्यांच्या आयुष्यातल्या दोन साध्या गोष्टी जास्त जवळच्या वाटतात. ते तिथली भाषा शिकले. आणि शस्त्रक्रिया करता करता त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवलं, म्हणजे त्यांच्या माघारी त्या वॉर्डात कुणीतरी होतं. तुमच्यापैकी कुणीही चार वर्षं राहावं असं मी म्हणत नाही. मीही राहू शकत नाही. मी दहा दिवस मागते आहे.

त्या टाळूच्या मुलाचं पुढचं सांगायचं राहिलं. तो आता सहा वर्षांचा आहे. दुसरी शस्त्रक्रिया अजून झालेली नाही. त्या सिस्टरने गेल्या महिन्यात मला छायाचित्र पाठवलं; त्यात ती त्याच्याशेजारी उभी आहे. खाली दुभाष्याकडून लिहून घेतलेली एक ओळ होती: पुढच्या वेळी याला पहिल्या दिवशी घ्या.

यंदाच्या शिबिराचं वेळापत्रक तुमच्यापैकी एका संस्थेकडून मला आलं आहे. त्याच भागात, दहा दिवस. पहिल्या दिवशी मी त्या मुलाचं नाव पेन्सिलीने लिहिलं आहे. नवव्या दिवसासमोर ११ नावांची जागा आहे, दहाव्यासमोर नऊ. संमतीपत्र माझ्या टेबलावर आहे, सही बाकी आहे. त्या वीस ओळी खोडून आणि मागे राहणाऱ्या दोघांची नावं भरून वेळापत्रक परत पाठवा, मी त्याच दिवशी सही करून देईन. मागे राहणारी परिचारिका मिळत नसेल तर तिथे माझं नाव घाला. रजेचा अर्ज मी २५ दिवसांचाच केला आहे.

आपली,
तुमच्या शिबिरांतली एक परिचारिका